रंगूनं सारवलेली जमीन

मदरांच्या मठाच्या फाटकाला सरकारनं पाटी लावली त्याला दोन महिने झाले. मी तिसरीपर्यंत शिकलेली, तरी पाटी पुरी वाचली. इमारत कुठल्या साली बांधली, दगड कुठला, चुना कसला, पडवीला कमानी किती, सगळं लिहिलंय. जमिनीबद्दलही एक ओळ आहे. त्या ओळीपाशी मी जरा जास्तच उभी राहिले. मागून ट्रॅक्टरवाला म्हणाला, "आजी, परीक्षा हाय का?"

परीक्षाच झाली होती. पाटीवर माणसाचं नाव एकच आहे, मठ बांधणाऱ्या मोठ्या मदरचं. रंगूचं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

रंगू म्हणजे रंगुबाई, कचरूची लेक. माझ्याहून एका वर्षानं मोठी. ती दोन वर्षं म्हणते, पण तिला मोठेपणाची हौस आहे.

लासुर्ण्याहून वालचंदनगरकडं जाताना एक फाटा फुटतो, तिथं आमचं गाव. माझं माहेर वरच्या आळीला, सासर खालच्या. आत्याच्याच घरात दिली, त्यामुळं लग्नाच्या दिवशी रडू येईना, बायका चिमटे काढत होत्या. गावाच्या वरल्या अंगाला कालवा, आणि कालव्यापलीकडं मठ.

मठ म्हणजे गोसाव्यांचा नव्हे. परदेशातल्या बाया, लग्न न करता देवाला वाहिलेल्या, दवाखाना आणि शाळा काढायला इथं आल्या आणि उसाच्या रानात हे बांधून राहिल्या. चुन्याची घाणी रंगूच्या आज्यानं हाकली होती. बैल गोल फिरायचा, दगडी चाकाखाली चुना आणि वाळू, वरून गुळाचं पाणी आणि हिरड्याचं. कचरू आम्हा पोरींना सांगायचा, "मठ गुळावर उभा हाय, म्हणून तर हितं मुंग्या."

भिंती दोन हात जाड. चैत्रात आत पाय ठेवला की माठात उतरल्यासारखं वाटायचं. उत्तरेला सात कमानींची लांब पडवी, म्हणजे ऊन दारापर्यंत येऊन माघारी जायचं. मागं मदरांच्या झोपायच्या आठ खोल्या. एका खोलीला एकच खिडकी, आणि तीही इतकी उंच की खाटेवर बसलं तर नुसतं आभाळ दिसावं, रस्ता दिसू नये. लग्नानंतर मला त्या खिडकीची पुष्कळदा आठवण यायची. माझ्या चुलीपुढच्या खिडकीतनं गोठा दिसायचा.

मधोमध प्रार्थनेचा हॉल. सागवानी तुळया, वर मंगलोरी कौलं, पूर्वेच्या भिंतीत गोल झरोका आणि त्यात रंगीत काचा. खाली फरशी. ती फरशी बारामती स्टेशनावर उतरवून बैलगाड्यांतनं आणली होती, गवतात गुंडाळून, अंडी आणावीत तशी. एका फरशीवर पाकळ्यांचा एकच कोपरा, निळा आणि विटकरी. चार फरश्या जुळल्या की एक फूल व्हायचं. रविवारी तिथं प्रार्थना, बाकीचे दिवस आमची शाळा. मदर क्लारा एका फुलावर एक पोरगी बसवायची. कोण कुठल्या आळीची, हे फुलाला ठाऊक नव्हतं. माझ्या शेजारच्या फुलावर रंगू.

हे आमच्या आईला कळलं, तेव्हापासून शाळेतनं आल्यावर दारातच अंगावर पाणी घ्यावं लागायचं. थंडीतही. मी रंगूला सांगितलं तर ती म्हणाली, "मग बरंय की, तुझी आंघूळ तरी व्हती."

तिसरीनंतर माझी शाळा सुटली. त्याच सुमाराला रंगूच्या घरात बुद्धाची तसबीर लागली आणि कचरूनं गावकीची कामं सोडली. रंगू सातवीपर्यंत शिकली, माझ्याहून चार इयत्ता जास्त, हे ती अजून बोलून दाखवते. पुढं मदरांनी तिला मठात कामाला ठेवलं.

काम केर काढायचं, पण रंगू स्वस्थ बसणारी नव्हे. दरसाल मृगाच्या आधी कौलं शाकारायला माणसं चढली की ही पदर खोचून त्यांच्या मागं. प्रत्येक कौलाला टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर राहू दे, भद्द वाजलं तर काढ. चुना कालवायला शिकली, पन्हाळी साफ करायला शिकली. एकदा कुणीतरी फुकट सिमेंट देतो म्हणालं, भिंतींना लावा. रंगूनं पोतं फाटकाबाहेर ठेवलं. "भिंतीला घाम येतो," म्हणाली, "त्यो बाहीर यायला वाट नगं का?" लग्न झालं, नवरा वारला, लेक अंजली मठाच्या पडवीतच रांगायला शिकली. रंगूच्या कमरेला किल्ल्यांचा झुबका तो तेव्हापासून आहे.

मदरा म्हाताऱ्या झाल्या, नव्या येईनात. शेवटची मदर क्लारा अठ्ठ्याऐंशी साली मायदेशी परत गेली. जाताना रंगूला म्हणाली, कुणी येईतोवर बघ. कुणी यायला छत्तीस वर्षं लागली.

ओस घर म्हणजे गावाचं कोठार. म्हस्कूनं मागचं दार काढून गोठ्याला लावलं. बाकं तालमीत गेली, घंटा शाळेत. चोरी कुणीच केली नाही. सगळ्यांनी वापरायला आणलं. एकटी रंगू कुणाकुणाचा हात धरणार?

आता धन्यांचं नाव घेते, ऐकायला ते नाहीत. हिंदुराव. त्या साली आमचं नवं घर चाललं होतं. एक दिवस भर दुपारी ते गाडीतनं फरश्या घेऊन आले, देवघरात बसवायला. बारामतीहून आणल्या म्हणाले. मी बघताक्षणी ओळखल्या. ज्या फुलावर बसून पाढे म्हटले ते बाई विसरते होय? पण नवं घर, सासूबाई खूश, मी गप्प. धन्यांनी बसवायला सिमेंट आणलं होतं, तर सासूबाई म्हणाल्या, देवाच्या खाली ते राखेसारखं नको, काळी माती घाला. तशा मातीतच बसवल्या. सोळा फरश्या, चार फुलं, वर देव्हारा. मी रोज त्यांच्यावर बसून पूजा केली. वाटायचं, हे एक मला ठाऊक आणि एक त्यांना. ते गेले, तेव्हा वाटलं, आता एक मलाच.

त्याच महिन्यात रंगूनं हॉलचं दार चार दिवस लावून घेतलं. उघडलं तेव्हा आत मातीची जमीन होती, शेणानं सारवलेली. लोक म्हणाले, फरशी कुणीतरी नेली, बिचारीनं माती भरली. मलाही तसंच वाटलं, आणि आपल्या सोळांची लाज जरा कमी झाली. सगळ्यांनी नेली, त्यात आमची सोळा. तेव्हापासून दर पुनवेला रंगू तो हॉल सारवायची. कुणी विचारलं, एवढी मोकळी जागा कशापायी सारवतेस, तर म्हणायची, "मोकळी जमीन सारवल्याबिगर ठिवू न्हाय."

आमच्या घरी ती यायची. पडवीत बसायची, चहा प्यायची. पहिल्यांदा तिची कपबशी वेगळी होती. सासूबाई गेल्यावर मी ती मुद्दाम फोडली. पण माजघराच्या आत ती कधी आली नाही. ये म्हणून मी कधी बोलले नाही, नको म्हणूनही नाही. अशा गोष्टी न बोलताच पक्क्या होतात.

गेल्या वर्षी पुण्याहून राजलक्ष्मीबाई आल्या, जुन्या इमारतींचं शिक्षण घेतलेल्या. मठ वारसा यादीत घेतला होता, आता दुरुस्ती होणार होती. तरुण बाई, पण भिंतीला हात लावायची रीत चांगली, गाईच्या पाठीवरनं फिरवावा तसा. रंगूला ती आवडली. कौल कसं वाजवायचं ते रंगूनं तिला शिकवलं आणि राजलक्ष्मीबाईनं ते वहीत लिहून घेतलं.

मग जमिनीची पाळी आली. बाईनं हॉलच्या मधोमध हातभर चौकोन खणून बघितला. माती, तिच्याखाली मुरूम आणि चुन्याचा थर. संपलं. वहीत लिहिलं, जमीन मातीची. रंगू भिंतीला टेकून, किल्ल्या मुठीत धरून उभी होती.

पुढं ठेकेदार आला, बारामतीकडचे आप्पासाहेब. सोमवारपासून माती खणून काढायची, काँक्रीट ओतायचं, वर नवा गुळगुळीत दगड. रंगू म्हणाली, "जमिनीला हात लावू नगा."

"का आजी?"

"नगा लावू."

"कारण सांगा की. शेणाची जमीन, पाहुणे घसरून पडतील."

"छत्तीस वर्सात कोण पडलं?"

राजलक्ष्मीबाईनं जवळ बसून विचारलं. रंगू म्हणाली, "मला सांगता येत न्हाय, ताई." बाईला वाटलं, म्हातारीचा जीव गुंतलाय. तसं तिनं आप्पासाहेबांना सांगितलंही, जरा सबुरीनं घ्या. पण काम काही थांबेना. शुक्रवारी रंगूनं घोंगडी आणली आणि हॉलच्या मधोमध जाऊन बसली. शनिवारी जेवली नाही. अंजली बारामतीच्या दवाखान्यात नर्स आहे, तिनं मला फोन केला. "काकू, तुमी जावा. माझं ऐकंना. सोमवारी कुदळी आल्या तर ती उठायची न्हाय."

रविवारी सकाळी काठी टेकत मी गेले. झरोक्यातनं ऊन आत आलं होतं, सारवणावर लाल-निळे ठिपके पडले होते.

"पाट आणू का, पाटलीणबाई?" रंगूनं विचारलं.

"गप बस. शाळेत पाटावर बसत व्हतो का?" मी खाली बसले. बसायला वेळ लागला.

"चुकलीस. तुझी जागा ती, खांबापाशी. ही माझी."

मला हसू आलं. मग येईना. छत्तीस वर्षं सारवलेल्या मातीवर हिला आपापल्या जागा कशा दिसतात, हे डोक्यात आलं.

"रंगे, खाली काय हाय?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "कौसा, तुझी तब्येत बरी हाय न्हवं?"

"गुडघे सोडले तर बरी हाय."

"मग ऱ्हाऊ दे. इचारू नगंस."

माझ्या तब्येतीचा आणि जमिनीचा काय संबंध, मला कळेना. पण एवढं कळलं, की हिला तोंड उघडायचंय आणि उघडता येत नाही. आणि मला उघडता येत असून मी ते कधी उघडलं नाही.

"सोळा हायत," मी म्हणाले. "माझ्या देवघरात. चार फुलं."

रंगूनं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला चुन्याचा वास होता.

"मी न्हाय बोलले," ती म्हणाली. "तूच बोललीस. ध्यानात ठेव."

मग तिनं सांगितलं. धनी फरश्या काढत होते तेव्हा ती दारातच उभी होती. ते काही वाईट माणूस नव्हते, तिला बघून ओशाळले. आणि ओशाळलेला माणूस शपथ घालतो, तशी त्यांनी घातली. म्हणाले, रंगू, तुला कौसल्येची शपथ हाय. फरशीचं कुणापाशी एक अक्षर काढलंस, तर तिचं मरण तुझ्या तोंडी.

"माझी शपथ?" मी म्हणाले. "सोताची घालायची सोडून?"

"सोताची घातली असती तर ते गेल्यावर मी मोकळी झाले असते. तू मरंना."

"आणि तू मानलीस? तुमी तर असलं कायबी मानत न्हाय."

"न्हायच मानत. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ हायत मला, म्हणून दावू का?"

"मग?"

"मग काय. मी मानत न्हाय म्हणून तुझ्यावर करून बघू व्हय?"

छत्तीस वर्षं ही बाई मला जगवत होती, आणि मी तिला पडवीत चहा देत होते.

बाकीचं ती भराभर सांगून गेली. हिंदुरावानं नेल्या म्हटल्यावर उद्या सगळं गाव नेणार, हे ती त्या दुपारीच समजली. म्हणून पांढरी माती आणली, चार दिवसांत सगळी फरशी लिंपून टाकली. एकही फरशी हलली नव्हती, त्या सोळा सोडून. राजलक्ष्मीबाईनं सगळ्या हॉलात खणायला नेमकी तीच सोळांची जागा धरली होती. आणि खाली फरशी आहे म्हणून सांगावं, तर पहिला प्रश्न, मधल्या सोळा कुठं गेल्या?

"खोटं बोलायला मला जमत न्हाय," रंगू म्हणाली. "आन् खरं बोलायची सोय न्हाय. म्हणून बसले."

आमच्याकडं घातलेली शपथ सोडवायची रीत आहे. ज्यानं घातली त्यानं 'सुटली' म्हणायचं. लहान पोरीसुद्धा खेळताना तसं करतात. पण घालणारा गेलेला असला तर?

"घालणारा गेला," मी म्हणाले. "पर जिची घातली ती समूर बसलीया. सुटली."

"तीनदा म्हण."

"सुटली. सुटली. सुटली."

रंगूनं थोडा वेळ माझ्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं. "बरी हायस?"

"चहा लागंल."

तिनं उठून पडवीत चूल पेटवली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा स्वतःही काहीतरी प्याली.

घरी आल्यावर विजयसिंहाला, माझ्या मोठ्या मुलाला, सगळं सांगितलं. तो कारखान्याच्या कामात असतो, चार लोक त्याला ओळखतात. म्हणाला, "आई, मी नव्या फरश्या देतो की हॉलला, पाहिजे तेवढ्या. पर आबांचं नाव कशाला काढायचं? लोक चोर म्हणतील त्यांना."

"म्हणू देत दोन दिवस," मी म्हणाले. "रंगूला येडी म्हणत्यात, त्याला छत्तीस वर्सं झाली."

तो जेवला नाही. पण अडवलंही नाही.

सोमवारी कुदळी आल्या. रंगू बादली आणि भिजलं पोतं घेऊन खांबापाशी बसली होती, माझ्या जागेवर; तिथला वरचा थर तिनं रात्रीच भिजवून खरडला होता. आप्पासाहेब म्हणाले, "आजी, आज तरी उठा." रंगूनं पोतं पिळलं आणि जमीन पुसायला लागली. पहिल्यांदा नुसता चिखल. दुसऱ्यांदा पिवळट. तिसऱ्यांदा निळं.

राजलक्ष्मीबाई गुडघ्यांवर आली, तिनं ओढणीनंच पुढचं पुसायला सुरुवात केली. एक फूल पुरं झालं, जसं पहिल्या दिवशी असेल तसं. ना तडा, ना डाग. आप्पासाहेबांनी पायातले बूट काढले, का ते त्यांनाच ठाऊक.

"आजी, तुम्ही सांगितलं का नाही?" बाई विचारत होती. मग तिची नजर स्वतःच खणलेल्या खड्ड्याकडं गेली. ती शहाणी, तिनं लगेच मोजलं. "इथल्या सोळा नाहीत. त्या कुठं गेल्या?"

गावातली वीसेक माणसं दारात जमली होती. रंगूनं माझ्याकडं बघितलं. शपथ सुटलेली, तरी तिचं तोंड उघडेना. सवय झालेली.

"आमच्या घरात हायत," मी म्हणाले. "देवघरात. आमच्या मालकांनी नेल्या. मला पहिल्या दिवसापास्नं ठावं हाय."

बोलून झालं आणि मी काठीवर उभीच होते, मेले नाही. रंगूनं तेही बघून घेतलं. दारात म्हस्कू खाकरला. म्हणाला, "वहिनी, मग आमच्या गोठ्याचं दार बी आणावं लागंल म्हणायचं." कुणीतरी हसलं, आणि दुसरं कुणीतरी हळूच मागच्या मागं घरी गेलं. त्या आठवड्यात मठाच्या पडवीत बिजागऱ्या, दोन बाकं आणि एक पितळी कडी कुणीतरी आणून ठेवली. ठेवणारा दिसला नाही.

आमच्या फरश्या काढायला आप्पासाहेब माणूस पाठवतो म्हणाले, मशीन घेऊन. रंगूनं नाही म्हटलं. दुपारी ती लोखंडी उलथनं घेऊन आमच्याकडं आली आणि पडवीत, आपल्या नेहमीच्या जागी, बसली. मी आतनं दोनदा हाक मारली. विजयसिंह बाहेर गेला आणि म्हणाला, "मावशी, आई बोलवतीया. आत चला."

ती माजघर ओलांडून आली. आजूबाजूला काही बघितलं नाही. सरळ देवघराच्या उंबऱ्यापाशी थांबली आणि खाली बघितलं. चारी फुलं हळदीकुंकवानं माखली होती.

"लई रंगवून ठेवलीस की गं," ती म्हणाली.

"देव उचलायचे हायत आधी," मी म्हणाले. "हात लाव."

"तुझ्या देवाला मी हात लावत न्हाय, कौसा. माझी प्रतिज्ञा हाय. तुझे देव तू उचल, माझ्या फरश्या मी उचलते."

तसंच केलं. मी एकेक देव पाटावर ठेवला, तिनं एकेक फरशी. काळ्या मातीतल्या म्हणून सुटत गेल्या, सासूबाईंचे उपकार. सोळाच्या सोळा शाबूत निघाल्या. जुन्या नऊवारीत गुंडाळून विजयसिंहानं गाडीत ठेवल्या, अंडी ठेवावीत तशा.

पाटीवर जमिनीची ओळ आहे ती अशी: मूळ रंगीत फरशी, पूर्ण.

त्या दिवशी फरश्या गाडीत गेल्यावर रंगू निघेल असं वाटलं. ती देवघरातल्या उघड्या मातीकडं बघत उभी होती. मग तिनं पदर खोचला आणि विजयसिंहाला गोठ्यातनं शेण आणायला सांगितलं. मी म्हणाले, राहू दे, उद्या बघू.

"मोकळी जमीन सारवल्याबिगर ठिवू न्हाय," ती म्हणाली, आणि गुडघ्यांवर बसून कोपऱ्यापासून सुरुवात केली. हात लांब, गोल, एकावर एक. मागं मागं सरकत उंबऱ्यापर्यंत आली, तेव्हा सगळं देवघर तिच्या बोटांच्या कमानींनी भरलं होतं.

"वाळंपतूर आत पाय ठिवू नगंस," तिनं मला बजावलं.

देव दोन दिवस माजघरात होते. मी पाय ठेवला नाही.